व्यालेली मादी प्रयोगात कंट्रोल म्हणून चालेल का?

पिल्लांचे दूध तोडून महिना झाला की मादी उंदराची स्तनग्रंथी पूर्ववत होते, तर न व्यालेल्या माद्या कमी पडल्यास अशी मादी कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीच्या, गटात घ्यावी का, असे आपण विचारले आहे. घेऊ नये. ग्रंथी पूर्ववत दिसते, होत नाही. आणि एवढ्या एका वाक्यापायी माझा नागपूरचा एक अख्खा उन्हाळा गेला आहे.

१९९८ च्या मे महिन्यात, प्राणीगृहातील वाळ्याचे कूलरही हात टेकत असताना, मी सहा पांढऱ्या रॅट (मोठ्या जातीच्या उंदीर) माद्यांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची इंजेक्शने देऊन त्यांच्या स्तनग्रंथी काचेवर पसरून कार्माइनने रंगवल्या. चौघींच्या नलिकांना मोजकेच फुटवे होते. दोघींच्या ग्रंथी मात्र झुडपासारख्या दाटल्या होत्या. गाइडसरांनी दोष माझ्या रंगकामाला दिला. प्राणीगृहातील काका गवळ्याच्या घरचे होते, ते सहज म्हणाले, "ह्या कालवडी नाहीत मॅडम, एक वेत होऊन गेलं हाय यांचं." फॉर्मलिनमध्ये ठेवलेली गर्भाशये मी उघडली, तेव्हा वार चिकटलेल्या जागांचे तपकिरी डाग त्या दोघींतच दिसले. सरांनी ते पाहिले, "दूध आटले की सगळ्या सारख्याच" असे म्हटले आणि दोघींना आकडेवारीतून वगळायला लावले.

वरवर पाहता सरांचे चूक नव्हते. गर्भारपणाच्या सुमारे तीन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन व प्रोलॅक्टिनमुळे नलिकांना कूपिका, म्हणजे दूध तयार करणाऱ्या बारीक पिशव्या, फुटतात आणि चरबीची जागा व्यापतात. दूध पाजण्याच्या काळात त्यांतील अनेक पेशी दोन-दोन केंद्रकांच्या होतात, आणि ऑक्सिटोसिन येताच बाहेरच्या आकुंचनशील पेशी कूपिका पिळून पान्हा सोडतात. पिल्ले तोडल्यावर दूध साचते. माउसमध्ये (लहान जातीच्या उंदरात) पहिल्या सुमारे दोन दिवसांत पिल्ले परत लावली, तर ग्रंथी पुन्हा दुधावर येते. त्यानंतर कूपिकांतील पेशी मोठ्या प्रमाणावर मरतात आणि चरबी परत भरते.

मोठ्या प्रमाणावर मरतात, सगळ्या नव्हेत. दुधातील प्रथिनाचे जनुक एकदा चालू झालेल्या पेशींवर कायमची खूण करून २००२ मध्ये माउसमध्ये दाखवले गेले की त्यांतील काही ग्रंथी आटल्यावरही टिकतात आणि पुढच्या गर्भारपणात नव्या कूपिका घडवतात. २०१५ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेच्या संशोधकांनी दाखवले की व्यालेल्या माउसच्या ग्रंथीपेशींत डीएनएवरील मिथाइल खुणा (जनुके चालू-बंद होण्यावर परिणाम करणाऱ्या रासायनिक खुणा) बदललेल्या राहतात आणि इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन दिल्यावर ती ग्रंथी न व्यालेलीपेक्षा लवकर फुटते. म्हणजे माझे रंगकाम ठीक होते, हे कळायला मला सतरा वर्षे लागली.

हे अभ्यास माउसवरचे आणि माझ्या माद्या रॅट होत्या, तेव्हा तंतोतंत तुलना करू नये. शिवाय दोन जनावरांवरून काही सिद्ध होत नाही, हेही मला मान्य आहे. परंतु ती वगळण्याचे कारण "रंगकामातील दोष" नव्हे, "पूर्वी व्यालेली" असे लिहायला हवे होते.

आपल्याकडे वेताची नोंद नसेल, तर शवविच्छेदनात प्रत्येक गर्भाशय उघडून डाग पाहा, आणि गाइड ऐकत नसतील तर डागांचे छायाचित्र काढून तारखेसह वहीत चिकटवा; मी ते केले नव्हते.