फोंड्याहून चोर्ला घाटमार्गे बेळगावला मांजर नेताना तिला त्रास होऊ नये म्हणून काय करावे?

तयारी दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी. पिंजरा घरात उघडा ठेवून त्यात तिचे नेहमीचे अंथरूण आणि अधूनमधून उकडलेल्या माशाचा काटे काढलेला तुकडा ठेवल्यास ती आपणहून आत झोपू लागते, आणि माझ्या मते हीच सवय सर्वांत मोलाची आहे. मग गाडीतून जवळच्या फेऱ्या माराव्यात.

घाटातील वळणांनी उलटी होऊ शकते, म्हणून निघण्यापूर्वी चार-पाच तास खाणे देऊ नये, पाणी मात्र द्यावे. गुंगीचे औषध पशुवैद्यांच्या सल्ल्याविना कदापि देऊ नये. पिंजरा पट्ट्याने घट्ट बांधावा. वाटेत ती कितीही केविलवाणी ओरडली तरी पिंजऱ्याचे दार उघडू नये, आणि चहासाठी थांबताना तिला बंद गाडीत एकटी सोडू नये, कारण उन्हात गाडी काही मिनिटांतच धोकादायक तापते.