ॲनिमेचा (जपानी ॲनिमेशन मालिकांचा) नवा सीझन आलाय, बघू काय?

आधी यादी लहान कर, मित्रा. जपानमध्ये जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असे चार सीझन, आणि प्रत्येकात डझनावारी मालिका. सगळ्यांच्या मागं लागलास तर एकही धड पूर्ण होणार नाही. तीन निवड, बास.

- ट्रेलरपेक्षा दिग्दर्शक आणि पटकथाकार बघ. नुसत्या स्टुडिओच्या नावावर जाऊ नकोस. एकाच स्टुडिओत वेगवेगळ्या टीम असतात.
- त्याच मालिकेचा आधीचा सीझन येऊन गेलाय का, ते तपास. नवीन पोरं इथंच फसतात.

पहिल्या आठवड्याचं रेटिंग सोड. ते बऱ्याचदा मूळ मांगाचे, म्हणजे जपानी कॉमिकचे, चाहते देतात. तीन भाग स्वतः बघ. बहुतेक मालिका १२-१३ भागांच्याच असतात, तेवढ्यात सूर कळतो. नाही आवडली तर बिनधास्त सोड.

सांगलीहून साताऱ्याला आलास की राजवाड्यावर भेट, तुझी तीन नावं मला ऐकायचीत.