प्रोसेसरच्या पिना वाकल्या आणि कॅबिनेटला झिणझिण्या: नवा बोर्ड मागवण्याआधी

तुम्ही लिहिलंय की देवगडच्या घरी कॉम्प्युटरमधल्या रायझन ५६०० प्रोसेसरचा कूलर काढताना प्रोसेसर त्यालाच चिकटून वर आला, चार-पाच पिना वाकल्या, तसाच बसवला तर डिस्प्ले येत नाही. शिवाय कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. नवा मदरबोर्ड आणि प्रोसेसर मागवू का? आत्ता अजिबात नको.

प्लग काढा आणि परत चालू करून बघू नका. वाकलेली पिन शेजारच्या पिनेला टेकली असेल, तर सध्या जे वाचलंय तेही जाईल.

तुमच्यासारख्या एएम४ (एएमडीचा सॉकेट) प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात आणि त्याला वरून दाबून धरणारी फ्रेम नसते. त्यामुळे कूलरखालच्या सुकलेल्या थर्मल पेस्टने ओढला की सॉकेटचा लिव्हर बंद असतानाही तो उपटून येतो. पुढच्या वेळी थोडा वेळ गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मशीन बंद करा, कूलर आधी डावी-उजवीकडे हळू फिरवा, मगच उचला.

पिना सरळ करायला ०.७ मिमीची लीड पेन्सिल घ्या, शिसं काढून टाका आणि पोकळ टोक पिनेवर बसवून अगदी थोडं थोडं वळवा. मोबाईलचा टॉर्च आडवा धरून रांगा दोन्ही बाजूंनी बघा, एकही पिन रांगेबाहेर दिसता कामा नये. मागेपुढे वाकवत राहिलात तर तुटेल. पिनांत पेस्ट गेली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश वापरा. मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडे अल्कोहोल मिळतं. बसवताना सोनेरी त्रिकोण जुळवा, लिव्हर वर ठेवा. प्रोसेसर आपल्या वजनानेच खाली बसायला हवा. बोटाने दाबावा लागतोय म्हणजे एखादी पिन अजून वाकडी आहे.

पण मला जास्त काळजी त्या झिणझिण्यांची वाटते. एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या) फिल्टरमधले छोटे कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर साधारण निम्मा व्होल्टेज, म्हणजे ११०-११५ व्होल्ट, तरंगत राहतो. करंट अगदी कमी, म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण अशा मशीनची एचडीएमआय केबल डिशची वायर लागलेल्या टीव्हीला चालू असताना जोडलीत, तर ग्राफिक्स कार्डचं पोर्ट जळू शकतं. मग नव्या बोर्डाचाही काय उपयोग?

आपल्याकडे जांभ्याच्या कातळावर अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा पडतो. पावसाळ्यात ठीक चाललेली अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरती उरते. खड्ड्यात पाणी घालत राहा. वायरमनला बोलवा, पण नुसत्या मल्टिमीटरवरच्या व्होल्टेजच्या आकड्यावर समाधान मानू नका, कारण कमजोर अर्थिंगवरही मीटर २३० दाखवतो. फेज आणि अर्थिंगमध्ये शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब लावून बघायला सांगा. मंद पेटला तर अर्थिंग कमजोर आहे. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर या चाचणीत तो पडणारच. हे स्वतः करू नका: अर्थिंग खराब असेल तर तेवढ्या वेळात फ्रीज, गीझर, सगळ्यांच्या बॉडीवर करंट येऊ शकतो. आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॉप्टरमध्ये घालत असाल, तर ते आजच बंद करा.

खाऱ्या हवेने रॅमचे संपर्क काळवंडतात, तेही त्याच अल्कोहोलने पुसून घ्या. विजा चमकत असताना पॉवरच्या प्लगबरोबर राउटरकडून येणारी लॅनची वायरही काढून ठेवा. बोर्डाचं लॅन पोर्ट त्या वाटेनेही जळतं.

पिना सरळ झाल्या की बसवण्याआधी दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो टाका, बघून सांगतो.