वाचकांचे प्रश्न : परसदारातली खोली

प्रश्न : आमच्या घरामागे 20 फूट लांब आणि 14 फूट रुंद मोकळी जागा असून तिची लांब बाजू पश्चिमेला उघडी आहे. तिथे पर्गोला (खांबांवर उभे केलेले आडव्या पट्ट्यांचे छत), सोफा, जेवणाचे टेबल आणि उघडे स्वयंपाकघर असे सगळे करावे, असे घरच्यांच्या मनात आहे. घरातलीच फरशी सलग बाहेर नेण्याचाही विचार आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : परसदाराकडे उरलेली जागा म्हणून न पाहता घराची आणखी एक खोली म्हणून पाहणे, हाच सध्याच्या रचनेतला सर्वांत ठळक कल आहे आणि तो मला मनापासून पटतो. मात्र खोली म्हणायचे, तर डोक्यावर सावली, पाठीमागे आडोसा आणि पायाखाली कोरडी जमीन या तीन गोष्टी आधी हव्यात. सोफ्याची निवड त्यानंतर करावी.

आपली जागा पश्चिमेला उघडी आहे, ही आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची बाब आहे. पर्गोला दुपारचे डोक्यावरचे ऊन अडवतो, परंतु संध्याकाळी, म्हणजे नेमके बाहेर बसावेसे वाटते तेव्हा, सूर्य खाली उतरलेला असतो आणि त्याची तिरपी किरणे छताखालून थेट डोळ्यांवर येतात. हल्ली अॅल्युमिनियमच्या फिरत्या पात्यांचे पर्गोला लोकप्रिय आहेत. पाती मिटली की पाऊस अडतो आणि पाणी चौकटीतल्या पन्हळीतून खाली जाते, ही त्यांची सोय खरीच मोठी आहे; पण मावळतीच्या उन्हापुढे तेही अपुरेच पडतात. म्हणून पश्चिमेच्या कडेला उभा आडोसा करावा. तिथे वेल चढवलेली जाळी चालेल, गुंडाळता येणारा पडदा चालेल किंवा लाकडी पट्ट्यांची झडपही चालेल. माझी पसंती वेलीला आहे, कारण तिच्या पानांतून वाराही येत राहतो. कोणतेही बांधकाम सुरू करण्यापूर्वी दोन-तीन दिवस तिथे खुर्ची टाकून बसावे आणि सकाळी, दुपारी व संध्याकाळी सावलीची कड जमिनीवर खडूने आखून ठेवावी. त्या रेघा पाहिल्या, की खांब कुठे रोवायचे याबद्दल घरात वाद उरत नाही.

आता मापे पाहू. खुर्ची मागे सारून सहज उठता यावे, यासाठी टेबलाच्या प्रत्येक बाजूला 3 फूट मोकळे लागतात. म्हणजे 3 फुटांचे लहान चौकोनी टेबलही प्रत्यक्षात 9 फूट लांब आणि 9 फूट रुंद जागा व्यापते. सोफा, दोन खुर्च्या आणि मधला चौरंग यांनाही जवळपास तेवढीच जागा द्यावी लागते. या दोन्ही गोष्टी आपल्या जागेत बसतील आणि जाण्यायेण्याची वाटही राहील. परंतु ओटा, शेगडी आणि बेसिन घालून उघडे स्वयंपाकघर केले, तर तिन्ही ठिकाणी अडचण होईल. माझ्या मते तो बेत सोडावा आणि ती जागा झाडांना द्यावी.

फरशी सलग नेल्याने आतले आणि बाहेरचे एकरूप दिसते हे खरे, पण घरातली गुळगुळीत फरशी बाहेर पाणी पडताच निसरडी होते. त्याच रंगाची खरखरीत पृष्ठभागाची फरशी घ्यावी. घसरण रोखण्याच्या मानांकनात ती किमान आर 11 असावी. बाहेरच्या वापरासाठी 20 मिलिमीटर जाडीच्या पोर्सेलिन लाद्याही मिळतात. घराकडून बाहेरच्या बाजूला दर फुटाला पाव इंच उतार ठेवावा, म्हणजे आपल्या 14 फुटांत साडेतीन इंच. उंबरा काढून दोन्हीकडची पातळी एक करणार असाल, तर दाराच्या कडेने जाळी असलेली पन्हळ हवीच, अन्यथा जोराच्या पावसात पाणी घरात शिरेल. गवंड्याचे पैसे चुकते करण्याआधी दाराशी बादलीभर पाणी ओतून पाहावे : ते न रेंगाळता बाहेरच्या कडेला गेले पाहिजे.

प्रश्न : आमच्या पुढच्या पोर्चमध्ये दोन सुंदर आरामखुर्च्या आहेत, पण तिथे कोणीच बसत नाही. पोर्चची खोली, म्हणजे भिंतीपासून पुढच्या कडेपर्यंतचे अंतर, 4 फूट आहे. रंग बदलून उपयोग होईल का?

उत्तर : रंगाचा येथे संबंध नाही. खुर्ची अडीच फूट जागा घेते, बसणाऱ्याचे पाय आणखी दीड फूट घेतात, आणि आपले 4 फूट तिथेच संपतात. कोणी दारातून आले की बसलेल्याला पाय आखडून घ्यावे लागतात. असे दोनदा झाले की माणूस तिसऱ्यांदा तिथे बसत नाही. निवांत बसण्यासाठी किमान 6 फूट खोली लागते आणि 8 फूट असल्यास उत्तम. वाढवणे शक्य नसेल, तर खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून न ठेवता पोर्चच्या एका टोकाला, दारापासून दूर, समोरासमोर मांडाव्यात, म्हणजे पाय लांबीच्या दिशेने पसरता येतील. झोपाळ्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्याला पुढेमागे मोकळी जागा लागते.

प्रश्न : अंगणात दिवे कोणते लावावेत? आमच्याकडील पांढऱ्या प्रखर दिव्याभोवती कीटक फार जमतात.

उत्तर : बहुतेक कीटक निळसर आणि अतिनील प्रकाशाकडे अधिक खेचले जातात, म्हणून 2700 केल्व्हिनचे किंवा त्याहून पिवळसर एलईडी दिवे लावावेत (केल्व्हिन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप; आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर). एका उंच प्रखर दिव्याऐवजी पायरीच्या कडेला, झाडाच्या बुंध्याशी आणि बाकाखाली असे कमी उजेडाचे, खाली झुकलेले अनेक दिवे लावणे, हा सध्याचा प्रघात अतिशय योग्य आहे, कारण त्यात डोळे दिपत नाहीत आणि आकाशही दिसते. उघड्यावरच्या दिव्यांना आयपी 65 मानांकन, म्हणजे धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण, असल्याची खात्री करावी. पायऱ्यांच्या दिव्यांचे बटण घराच्या आत, दाराजवळच ठेवावे, म्हणजे बाहेर पाऊल टाकण्याआधी ते लावता येतील.