भाकरी सुरू केली, तरी साखर का वाढते?

मधुमेह आणि आहार : वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : माझ्या यजमानांना (वय ४९) तीन वर्षांपासून मधुमेह आहे. ते मुलुंडहून सकाळी सातच्या लोकलने फोर्टला कामावर जातात. त्यांचा भात आणि पोळी मी पूर्ण बंद केली. डब्यात ज्वारीच्या तीन भाकऱ्या, बटाट्याची किंवा दुधीची भाजी आणि लोणचे देते. तरी जेवणानंतरची साखर २२० च्या खाली येत नाही आणि एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.४ आहे. डॉक्टरांनी आहारतज्ज्ञाकडे जायला सांगितले आहे. जेवण घरचे आणि साधेच असताना त्याची गरज आहे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : गरज आहे, आणि ती का आहे हे तुमच्या डब्यावरूनच सांगता येईल. ज्वारी हे उत्तम धान्य आहे, परंतु ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठातील पिष्टमय पदार्थांचे (ज्यांची पचनानंतर साखर होते) प्रमाण जवळपास सारखेच, म्हणजे शंभर ग्रॅममागे सुमारे ६५ ते ७० ग्रॅम असते. मध्यम आकाराच्या भाकरीला साधारण ४५ ते ५० ग्रॅम पीठ लागते आणि लहान फुलक्याला त्याच्या निम्मे, त्यामुळे तीन भाकऱ्या म्हणजे जवळजवळ सहा फुलके होतात. पोळी बंद झाली असे वाटत असताना पोटात पीठ तेवढेच, कदाचित थोडे अधिकच जात आहे, आणि ज्या दिवशी भाजी बटाट्याची असते त्या दिवशी त्यात आणखी भर पडते. शिवाय या डब्यात डाळ, उसळ, दही, अंडे यांपैकी काहीच नाही. जेवणानंतर साखर हळूहळू वाढावी आणि संध्याकाळपर्यंत पोट भरलेले राहावे यासाठी प्रथिने आणि तंतुमय भाजी लागते, ती तुमच्या डब्यात फार थोडी आहे.

डबा बदलायचा तर सर्वांत मोठ्या कप्प्यात गवार, फरसबी, मेथी किंवा कोबी अशी भाजी भरावी, दुसऱ्यात मटकीची, मुगाची किंवा चवळीची घट्ट उसळ द्यावी आणि भाकरी दीडच ठेवावी; सोबत काकडी-गाजर चिरून द्यावे. आधी भाजी आणि उसळ निम्मी संपवून मग भाकरीला हात लावला तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असे अभ्यासांतून दिसले आहे. नुसती भाकरी कमी केली आणि उसळ वाढवली नाही, तर चार वाजता कडकडून भूक लागेल आणि स्टेशनबाहेरचा वडापाव ती भूक भागवेल. भाताचेही तसेच आहे. शिजलेल्या शंभर ग्रॅम भातात सुमारे २८ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, म्हणून रविवारी दुपारी अर्धी वाटी भात घट्ट वरणाबरोबर आणि भाकरीच्या ऐवजी घेतला तर काही बिघडत नाही. आवडीचा पदार्थ कायमचा तोडायला लावणारा आहार बहुधा फार काळ टिकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

तुम्ही सकाळ आणि दुपार लिहिली, संध्याकाळ लिहिली नाही. कार्यालयातला साखरेचा चहा किती वेळा होतो, त्याबरोबर बिस्किटे असतात का, घरी पोहोचायला किती वाजतात, रात्री दहाला जेवून लगेच झोपतात का, हे आहारतज्ज्ञ तुम्हाला विचारतील, आणि ते यजमानांच्याच तोंडून यायला हवे, त्यामुळे तुम्ही दोघेही जा. जाण्यापूर्वी तीन-चार दिवस जेवणाच्या पहिल्या घासाआधी आणि त्यानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर मोजून समोर काय खाल्ले ते लिहून ठेवा. दोन तासांनंतरचा आकडा बहुतेक प्रौढांत १८० च्या आत असावा असे धरतात. एचबीएवनसी हा साधारण दोन ते तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज असल्याने बदलाचा परिणाम पुढच्या आठवड्यात त्यात शोधू नका; तीन महिन्यांनी तपासा. तो ७ च्या खाली आणणे हे बहुतेकांचे उद्दिष्ट असते, मात्र वय आणि इतर आजार पाहून डॉक्टर ते थोडे बदलतात.

एक गोष्ट आवर्जून सांगते. भाकरी निम्मी करण्यापूर्वी यजमान कोणत्या गोळ्या घेतात ते डॉक्टरांना विचारा, कारण काही गोळ्या चालू असताना जेवणातील पीठ एकदम घटवले तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. पुढचा प्रश्न त्याच संदर्भातला आहे.

प्रश्न : माझे वय ६२. सकाळी मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या गोळ्या घेते. श्रावणी सोमवारी दुपारी हात थरथरू लागले, घाम फुटला, साखर ६२ निघाली. मग साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर दोन तासांनी २६० झाली. उपवास सोडावेच लागतील का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : ताई, सकाळची गोळी घेऊन दुपारपर्यंत उपाशी राहण्यात धोका होता. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि तुम्ही जेवला आहात की नाही हे पाहत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असे होत नाही. साखर ७० च्या खाली गेली की लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज, किंवा ते नसेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, अजूनही कमी असेल तर तेवढेच पुन्हा घ्यावे आणि ठीक झाल्यावर थोडे खावे. पेढा किंवा चॉकलेट अशा वेळी उपयोगी पडत नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. खिचडीने तुमची साखर वर आणली खरी, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट असते आणि वाडगाभर खिचडीने ती थेट २६० वर नेली.

तुमची श्रद्धा मला समजते आणि उपवास सोडाच असे मी म्हणणार नाही. मात्र पुढच्या सोमवारपूर्वी डॉक्टरांना भेटून त्या दिवशी गोळी किती आणि केव्हा घ्यायची हे विचारा. स्वतःच्या मनाने ती अर्धी करू नका किंवा टाळूही नका. पूर्ण उपाशी न राहता दर तीन-चार तासांनी थोडे खा. राजगिऱ्याचे एखादे थालीपीठ, दाण्याची आमटी, दही, काकडीची कोशिंबीर, ताक हे पदार्थ साबुदाण्यापेक्षा कितीतरी बरे आहेत. वरीचा भात खायचा तर एक लहान वाटीच घ्यावा. निर्जळी उपवास करू नये. इन्सुलिन चालू असलेल्यांनी, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि ज्यांना साखर उतरल्याचे कळतच नाही त्यांनी डॉक्टरांच्या संमतीविना उपवास धरूच नये.

प्रश्न : आहारतज्ज्ञाची फी परवडत नाही. मोबाइलवर आलेला मधुमेहाचा तक्ता वापरला तर चालेल का? त्यात आंबा वर्ज्य आणि गूळ चालेल असे आहे.
— एक वाचक, लालबाग

उत्तर : ज्या तक्त्यात साखरेच्या जागी गूळ चालेल असे लिहिले आहे तो बाजूला ठेवा, कारण रक्तातील साखरेच्या दृष्टीने दोघांत फारसा फरक नाही. आंब्याच्या दोन-तीन फोडी, जेवणावर आमरस म्हणून नव्हे तर मधल्या वेळी, साखर आटोक्यात असलेल्यांना बहुधा चालतात. तुमच्या बाबतीत ते ग्लुकोमीटरच सांगेल.

फीबद्दल सांगायचे तर परळचे केईएम तुमच्या घरापासून जवळ आहे. तिथे तसेच शीव आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांतही आहारतज्ज्ञ असतात. केस पेपर काढून ओपीडीतील डॉक्टरांना आहारतज्ज्ञाकडे पाठवण्याची विनंती करा. खासगी ठिकाणी गेलात तर पोषण किंवा आहारशास्त्रातील पदवी विचारायला संकोचू नका. इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना नोंदणीकृत आहारतज्ज्ञ म्हणतात. जो पावडरचे डबे विकतो किंवा औषधे बंद करायला सांगतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. सोबत औषधांची चिठ्ठी, एचबीएवनसी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि कोलेस्टेरॉलचे अहवाल न्या. मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल तर डाळी आणि उसळींचे प्रमाणही बदलावे लागते, आणि ते मोबाइलवरच्या तक्त्याला कळणार नाही.