रशिया-युरोपवर अडकून राहणारे ‘ब्लॉकिंग’ मॉडेलांना नीट का पकडता येत नाही? मुंबईच्या पावसाशी त्याचा संबंध आहे का?

हवामानाच्या संगणकीय मॉडेलांना ब्लॉकिंग दिसते, पण प्रत्यक्षापेक्षा कमी वेळा आणि कमी दिवस टिकणारे; मुंबईच्या पावसाशी त्याचा थेट संबंध मात्र नसतो. मध्य अक्षांशांतील जेट प्रवाहाला (उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याला) मोठा बाक आला की उच्च दाबाचे क्षेत्र एका जागी ठाण मांडते, हेच ब्लॉकिंग; आणि बाजूने जाणारी वादळे दक्षिणेकडची हवा पुरवून ते टिकवून धरतात. परंतु शंभरेक किलोमीटरच्या चौकोनांच्या जाळीवर चालणाऱ्या हवामानबदलाच्या मॉडेलांत ही वादळे, पर्वतांचा अडथळा आणि ढग बनताना मोकळी होणारी उष्णता, सारेच पुसट होते. सीएमआयपी या जगभरातील हवामान-मॉडेलांच्या तुलना-प्रकल्पाच्या लागोपाठच्या पिढ्यांत अटलांटिक-युरोप भागातली ही त्रुटी दिसत आली आहे. जाळी बारीक केल्यास ती घटते, जात नाही. आपल्याकडच्या पावसाशी संबंधाचा अपवाद एवढाच, की २०१० च्या उन्हाळ्यात रशियावर अडकलेल्या अशाच उच्च दाबाच्या पूर्वेकडील द्रोणीने (कमी दाबाच्या लांबट पट्ट्याने) पाकिस्तानातील महापुराला हातभार लावला, म्हणजे उपखंडाच्या वायव्य भागापर्यंत परिणाम पोहोचू शकतो. कुलाबा-सांताक्रूझच्या अंदाजासाठी किनाऱ्यालगतची द्रोणीय रेषा आणि बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र आधी पाहावे.