पॅड धरणाऱ्याकडेही बघ

बॉक्सिंग शिकवायला नवी बॅच मिळाली की लगेच गाणी लावून कॉम्बिनेशनच्या, म्हणजे सलग पंचांच्या, मागे लागू नकोस. आधी रॅप, म्हणजे हाताला गुंडाळायची पट्टी. साडेचार मीटरची ही पट्टी मनगटावर नीट बसली का, हे प्रत्येकाचा हात हातात घेऊन बघ. अंगठा मुठीच्या आत दिसला तर तिथेच थांबव. पंच लागताना मनगट सरळ हवं.

खरी गोम पॅडची, म्हणजे पंच झेलायला जोडीदार हातांत धरतो त्या गाद्यांची. दोन्ही बाजूंना फाकवून धरले की मारणाऱ्याचा पंच भरकटतो आणि धरणाऱ्याचा खांदा बोंबलतो. पॅड खांद्यांच्या रेषेत, कोपर किंचित वाकलेलं. पंच येताना पॅड जरासा पुढे नेऊन तो घ्यायचा. हवेत जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) मारणाऱ्यांना कोपर झटक्याने ताठ करू देऊ नकोस.

आणि हो, तूच पॅड धरून उभा राहिलास, तर बाकीच्या वर्गावर लक्ष कोण ठेवणार?